सल्लागार जरूर घ्या, पण तपासणी आपल्या हाती ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेने आरोग्य सेवांच्या कामात बाहेरच्या सल्लागारांची मदत घ्यावी का, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळे खासगीच्या घशात घालायचा हा डाव आहे. दुसरा म्हणतो, पालिकेला जमत नसेल तर ज्याला जमते त्याच्याकडे सोपवून मोकळे व्हा. मला दोन्ही पटत नाही. मदत घ्यायलाच हवी असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न आहे तो कोणत्या अटींवर घ्यायची याचा, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत 31 लाखांवर लोक होते. नंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे हद्दीत आली. माणसे वाढली, आजार बदलले. डायलिसिस, सीटी स्कॅन, रक्त तपासण्या यांसारख्या सेवा आता भागीदारीच्या नावाखाली ठेकेदारांकडून घेतल्या जातात. अशी सेवा घ्यायची म्हणजे नुसती निविदा काढायची नसते. कोणत्या भागात किती रुग्ण आहेत ते मोजायचे, परवडेल असा दर काढायचा, अटी नेमक्या लिहायच्या आणि पुढे कित्येक वर्षे दर महिन्याचे देयक डोळ्यांत तेल घालून तपासायचे. हे सगळे करायचे कोणी? तर लसीकरण, डेंगी आणि ओपीडी सांभाळून थकलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने! डॉक्टरकीच्या शिक्षणात करारनामा लिहायला कोणी शिकवत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

करार कच्चा असला की काय होते ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या सासूबाईंचे डायलिसिस एका सरकारी रुग्णालयातल्या ठेकेदाराने चालवलेल्या केंद्रात होत असे. एके दिवशी पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट बंद पडला आणि सकाळच्या पाळीतले सगळे पेशंट बाकावर बसून राहिले. तंत्रज्ञ म्हणाला, ‘आम्ही वर कळवलंय.’ रुग्णालयाच्या कार्यालयात गेले तर उत्तर मिळाले, ‘ते युनिट आमच्याकडे नाही, ठेकेदाराला विचारा.’ ठेकेदाराचा माणूस फोनवर म्हणाला, ‘दुरुस्ती रुग्णालयाच्या मंजुरीशिवाय होत नाही.’ डायलिसिस एक दिवस पुढे गेले तरी अंगावर पाणी चढते, आडवे झाले की दम लागतो. त्या रात्री सासूबाई उशीला टेकून बसूनच होत्या. प्लांट बंद पडला तर पेशंटला किती तासांत दुसरीकडे पाठवायचे, तो खर्च कोणाचा, ठेकेदाराला दंड किती, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे, हे त्या इमारतीत कोणालाही सांगता आले नाही. जाणत्या माणसाने करार लिहिला असता तर हे तीन प्रश्न त्याने सगळ्यात आधी विचारले असते. बाहेरची मदत हवी ती इथे.

हा प्रयोग इंग्लंडमध्ये होऊन गेला आहे. तिथे सरकारी आरोग्य सेवेचा बहुतेक पैसा स्थानिक ‘प्रायमरी केअर ट्रस्ट’कडे जाई आणि लोकांसाठी कोणती सेवा कोणत्या रुग्णालयाकडून घ्यायची हे त्या ठरवत. त्यांना हे काम नीट जमावे म्हणून 2007 मध्ये सरकारने 14 खासगी कंपन्यांची यादी मंजूर केली. गरज मोजण्यापासून करार करणे आणि रुग्णालयांच्या कामावर लक्ष ठेवण्यापर्यंत सगळ्यासाठी यादीतल्या कंपनीची मदत घेता येत होती. यादीत केपीएमजी, मॅकिन्झी या व्यवसाय सल्लागार कंपन्या होत्या, तशाच युनायटेडहेल्थ आणि बूपासारख्या आरोग्य विम्याच्या धंद्यातल्या कंपन्याही होत्या. सल्ला देणाराच उद्या सेवा विकायला आला तर काय, अशी शंका तेव्हाच घेतली गेली. 2010 मध्ये त्यांच्या संसदेच्या आरोग्य समितीने या ट्रस्टच्या कौशल्यातल्या उणिवांवर कडक ताशेरे ओढले आणि 2013 मध्ये तर ट्रस्टच बरखास्त झाल्या. सल्ला विकत घेता येतो, पण तो पचवणारी माणसे आपल्या कार्यालयात नसतील तर सल्लागार निघून गेल्यावर हाती फक्त त्याचे बिल उरते.

उलट तमिळनाडूने औषध खरेदीसाठी 1994 मध्ये स्वतःचे सरकारी महामंडळ उभे केले. खरेदी, गुणवत्तेची तपासणी आणि गोदामे एका छताखाली आणली. तिथे जाणकारी घरातच साठत गेली.

म्हणून पुण्यात सल्लागार नेमताना काही गोष्टींवर तडजोड नको. ज्या कंपनीचा रुग्णालयाशी, लॅबशी किंवा विम्याशी संबंध आहे तिला या कामातून आधीच वगळावे. दर आणि ठेकेदार यांचा अंतिम निर्णय पालिकेच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा, सही त्याची आणि जबाबदारीही त्याचीच. सल्लागाराबरोबर पालिकेचे दोन-तीन कायम कर्मचारी पहिल्या दिवसापासून बसवावेत आणि मुदत संपताना त्यांनी स्वतः एक निविदा तयार करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. तेव्हा झालेले आरोग्याचे करार तरी आधी लोकांसमोर यायला हवेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की अशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता जाहीर करावी. करार मराठीत, संकेतस्थळावर आणि केंद्राच्या दारात लावलेला असावा. तक्रार कोणाकडे करायची, त्याचा फोन नंबर त्याच्याच खाली हवा.

आपल्या वार्ताहरांनी पालिकेच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत ठेकेदार चालवत असलेल्या सेवांचे करार मागवावेत आणि सेवा बंद पडल्यास दंडाची अट कोणत्या करारात आहे, कोणत्या करारात नाही, एवढे तरी छापावे ही विनंती.

आपली,
एक वाचक, वडगाव शेरी, पुणे