वाडीच्या कुटुंब-नोंदवहीसाठी आवाहन

समस्त किर्लोस्करवाडीकर बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार, वि.वि.

१९१०ची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. बेळगावच्या नगरपालिकेने लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडायला लावली, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ मिळाला. माळ कसला, निवडुंगाचं रानच ते, आणि त्यात नाग. पंचवीसेक कामगार आपल्या बायकापोरांना घेऊन तिथे राहायला आले. पुढे वाडी एवढी नावारूपाला आली की स्टेशनचंच नाव बदललं!

लक्ष्मणराव, व्यवस्था पाहणारे रामूअण्णा, यंत्रांतले शंभोराव जांभेकर, हिशेबाचे मंगेशराव रेगे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. ज्यांनी कोयत्याने तो निवडुंग तोडला, त्या पंचवीस जणांची नावं किती जणांना सांगता येतील? शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी विश्वासाने पहाऱ्यावर ठेवलं, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. त्यांच्या घरातली आजची पिढी कुठे आहे, याची मात्र आपण चौकशी केलेली नाही. पुढे कारखान्याच्या नांगराला, उसाच्या चरकाला, पंपांना मागणी वाढली तशी कुंडल, पलूस, भिलवडीकडची माणसं कामाला येत गेली. १९४८ला कारखाना जळला, तरी लोक टिकून राहिले आणि तो पुन्हा उभा केला. जनगणनेत या सगळ्यांचा नुसता आकडा सापडतो. कोण कुठून आलं, कुठल्या खात्यात लागलं, मुलं कुठे गेली, हे घराघरांतूनच गोळा करायला हवं. तीच ही नोंदवही.

काम सुरू झालं ते काही मोठ्या मनाच्या माणसांमुळे. फौंड्रीतून (ओतकाम खात्यातून) निवृत्त झालेल्या एका काकांनी आपली पेन्शन न मोजता पाकिटासकट आणून दिली आणि वर ‘पावतीला कागद कशाला घालवता’ म्हणून आम्हालाच रागावले. पॅटर्न शॉपमधल्या (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या खात्यातल्या) एका जुन्या कारागिरांच्या पत्नीने यजमानांची पगाराची पाकिटं इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवली होती, ती सगळी आमच्या हवाली केली. रामानंदनगरच्या एका ताईंनी तर सुट्टीचे दिवस घालवून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी उतरवून घेतल्या, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. या मंडळींचे उपकार फिटणारे नाहीत.

बाकीच्यांबद्दल काय लिहावं? गेल्या वर्षी कुटुंबाची माहिती भरायचे छापील तक्ते घरोघर वाटले, भरून आले ते बोटांवर मोजण्याइतके. जुना ग्रुप फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की हात जोडलेल्यांची रांग लागते. ‘मागच्या रांगेतले डावीकडून तिसरे कोण?’ विचारलं की सगळे गप्प. पुण्या-मुंबईचे वाडीकर गणपतीत येतात, ‘फार छान काम चाललंय हं’ म्हणतात आणि पुढच्या गाडीने परत जातात. थोडं लागतं मनाला. पण सांगणारी माणसं एकेक करून कमी होताहेत, रुसून बसायला वेळ नाही.

पैसे हवेत ते फोटो व कागद स्कॅन करणं, लोखंडी कपाट आणि नोंदवहीची छपाई यांसाठी. रक्कम कितीही चालेल. रोख अथवा चेक, पावती मिळेलच (मागून घ्यावी). मूळ फोटो स्कॅन करून परत देऊ. मागे पेन्सिलने नाव लिहावं, बॉलपेनने नको. तक्त्यात कुटुंबप्रमुख, मूळ गाव, वाडीत आल्याचं साल, खातं, सध्याचा पत्ता एवढंच. साल नक्की माहीत नसेल तर ‘अंदाजे’ लिहा, पण रकाना कोरा सोडू नका. दर रविवारी सकाळी १० ते १२ समितीची माणसं नेहमीच्या जागी बसतात. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी शेजारच्या मुलाकडून निरोप धाडावा, आम्ही घरी येऊ. दिवाळीपूर्वी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे.

आपला नम्र,
चिटणीस (समितीच्या वतीने)