चुंबक चिकटला म्हणून खाण होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्या सड्याखाली (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाखाली) ‘कोट्यवधी टन लोहखनिज’ असल्याची बातमी पहिल्या पानावर वाचली. बातमीदार सडा चढून वर गेले, त्याबद्दल त्यांचे आभार. पण बातमीतले आकडे चुकीचे आहेत आणि त्यांच्या भरवशावर पाटण भागात जमिनीचे भाव बोलले जाऊ लागले आहेत, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठी चूक ५२ या आकड्यात आहे. ‘लोहाचे प्रमाण ५२ टक्के’ असे तुम्ही ठळक अक्षरांत छापले. शेजारीच प्रयोगशाळेच्या अहवालाचा फोटो आहे आणि त्यात ५२ च्या आधी ‘आयर्न ऑक्साईड’ असे लिहिलेले स्वच्छ वाचता येते. ऑक्साईडच्या वजनात ऑक्सिजनचेही वजन असते. १६० ग्रॅम फेरिक ऑक्साईडमध्ये लोह ११२ ग्रॅम, म्हणजे ७० टक्के. तेव्हा ५२ ला ०.७ ने गुणायचे. उत्तर येते ३६.४. हेमॅटाईट, म्हणजे फेरिक ऑक्साईडच्या लोहखनिजासाठी भारतीय खाण ब्युरोने २०१८ साली धरलेली किमान मर्यादा ४५ टक्के लोहाची आहे. एक गुणाकार राहिला आणि मर्यादेखालचा दगड मर्यादेच्या वर जाऊन बसला. अहवाल छापायचा आणि तो वाचायचा मात्र नाही, ही कसली पत्रकारिता?

शिवाय हे ३६.४ टक्केही सड्याचे प्रमाण नव्हे. बातमीप्रमाणे नमुना म्हणजे वर सुटे पडलेले चार-पाच दगड. माणूस असे दगड उचलतो तेव्हा हात आपोआप काळपट आणि जड खड्याकडेच जातो. जांभ्याचा, म्हणजे सड्यावरच्या या लाल दगडाचा, खरा नमुना घ्यायचा तर कड्याची उभी बाजू आधी खरवडून ताजी करावी लागते. मग वरपासून खालपर्यंत साधारण १० सेंमी रुंद आणि ५ सेंमी खोल सलग चर काढायची आणि दर मीटरचा माल वेगळ्या पिशवीत भरायचा. तो फोडून, ढीग करून, चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, आणि नमुना किलोभरावर येईपर्यंत हेच करत राहायचे. असे केले की वरच्या मीटरमध्ये दिसणारे लोह तिसऱ्या-चौथ्या मीटरला कसे घसरते आणि अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साईड) व चिकण माती कशी वाढते, ते कागदावर उतरते.

कारण हा सडा म्हणजे लोहखनिजाचा थर नव्हेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण उन्हापावसाने कुजला. त्यातला चुना, सोडा, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली. न विरघळणारे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले, तो जांभा. मूळ काळ्या पाषाणात लोह जेमतेम ९-१० टक्के असते. वरचे लालकाळे टणक कवच एक-दोन मीटर, कुठे जरा जास्त. त्याखाली भोकाभोकांचा मऊ जांभा, मग पांढरट-गुलाबी चिकण माती, मग मुरूम आणि शेवटी ताजा कातळ. महाबळेश्वर, पाचगणी, कास, सगळीकडे क्रम हाच. रेडी (सिंधुदुर्ग) किंवा सुरजागडचे (गडचिरोली) खनिज दोनशे कोटी वर्षांहून जुन्या पट्टेदार खडकांतले आहे. त्याच्याशी आमच्या सड्याची तुलना करण्यात अर्थ नाही. ‘खोल गेल्यावर आणखी सापडेल’ हे बातमीतले वाक्यही निराधार आहे. कोयना परिसरात वैज्ञानिक विंधणे झाली, त्यांत बेसाल्टची, म्हणजे याच काळ्या पाषाणाची, जाडी सुमारे एक किलोमीटर भरली आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला.

चुंबकाला चिकटलेल्या खड्याचा फोटो तर वाचकांची सरळ दिशाभूल करतो. काळ्या पाषाणात टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाईटचे बारीक कण असतात आणि जांभ्यात मॅगहेमाईट असते. ही दोन्ही लोहाची ऑक्साईडे. दोन्ही चुंबकाला धरतात. लाउडस्पीकरचा जुना चुंबक कोयनेच्या वाळूत फिरवला तरी त्याला काळी मिशी फुटते. उलट चांगला हेमॅटाईट साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. परीक्षा करायचीच तर फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर खडा ओढावा. रेघ तांबडी आली तर हेमॅटाईट, पिवळट-तपकिरी आली तर गोएथाईट किंवा लिमोनाईट, म्हणजे ज्यात १० टक्के पाणीच बांधलेले असते ते. आमच्या सड्यावरचे बहुतेक खडे पिवळीच रेघ देतात.

टनांचा हिशेबही तपासावा. कड्यावर दिसणारी १५ मीटर लाल भिंत तशीच सगळ्या सड्याखाली पसरली आहे असे धरले आणि घनता घट्ट खनिजाची, ४.५ लावली, तर हेक्टरी पावणेसात लाख टन निघतात. उपयोगाचे कवच २ मीटर आणि सच्छिद्र जांभ्याची घनता २.२ धरली, तर ४४ हजार टन. पंधरापट फरक! मध्ये एकही विंधण न घेता जाडी सांगणे म्हणजे झाकलेल्या कणगीतले धान्य बाहेरून मोजणे.

‘धावडांनी इथेच लोखंड गाळले, मग कारखाना का नको’ हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. महाबळेश्वरच्या डोंगरांत धावड, म्हणजे लोखंड गाळणारे कारागीर, जांभ्यातून लोखंड काढत, हे खरेच. पण ते हाताने वेचलेले जड खडे आणि लोणारी कोळसा छोट्या भट्टीत घालून भाता मारत. लोखंड तिथे वितळत नसे. मऊ गोळा होई आणि तो ठोकून मळी (वितळलेला दगडी कचरा) झाडावी लागे. त्या मळीतच कितीतरी लोह वाया जाई. कारखान्याच्या झोतभट्टीत मात्र सगळेच वितळते. भट्टीवाल्याला अ‍ॅल्युमिना दोन-तीन टक्क्यांच्या आत हवी असते आणि जांभ्यात ती कित्येक पट निघते. त्यामुळे मळी घट्ट होऊन नीट वाहत नाही. टायटॅनियम त्यात आणखी भर घालते. हे अ‍ॅल्युमिना आणि टायटॅनियमचे आकडे अहवालात असणारच. तुम्ही फोटो कापला तो नेमका तिथेच.

जमिनीबद्दलही एक सांगायचे आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खासगी कंपनीला लोहखनिजाचा खाणपट्टा लिलावानेच मिळतो. ‘खाणीचा हक्क’ म्हणून इसार घेऊन फिरणाऱ्या एजंटाच्या कागदावर कुणीही सही करू नये. आणि झऱ्यांचा उल्लेख बातमीत एका ओळीनेही नाही, याचे फार वाईट वाटले. जांभा पावसाचे पाणी पितो आणि खालच्या चिकण मातीवर ते अडून कड्याच्या पायथ्याशी झिरपते. मे महिन्यात वाड्यांच्या टाक्यांत पडते ते हेच पाणी. तुमचे ‘उपयोगाचे’ कवच उचलले तर त्या वाड्यांना टँकर लागेल.

दुरुस्ती पहिल्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी : लोह ५२ नव्हे, ३६.४ टक्के, आणि तेही वेचलेल्या खड्यांचे. अहवालाचा फोटोही न कापता पूर्ण द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक
पाटण, जि. सातारा