कट्ट्याला नंबर नाही, माझ्या अर्जाला आहे

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार. मी सातपुड्याच्या पायथ्याशी केळी लावणारा शेतकरी. नऊ दिवसांपूर्वी टपालाने माझ्या पिस्तूल परवान्याच्या अर्जाचा निकाल आला, दोन वर्षं चार महिन्यांनी. ‘अर्जदाराच्या जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही, सबब अर्ज नामंजूर.’ वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का.

धोका दिसून येत नाही! मला तो दिसला होता साहेब, वीतभर अंतरावरून. कापणीच्या मजुरांचे पैसे घेऊन रात्री आठला घरी निघालो होतो. मोटारसायकल आडवी घातली, दोघे उतरले, एकाने कानशिलाला कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, लावला. मिसरूड न फुटलेलं पोरगं. हात त्याचाच थरथरत होता आणि मला त्या थरथरीचीच जास्त भीती वाटली. 1 लाख 40 हजार मुकाट काढून दिले. तरी जाताना कट्ट्याच्या मुठीने कानावर हाणलंच. अजून डाव्या कानात रात्रभर रातकिडे ओरडतात. डॉक्टर म्हणतात, सवय करून घ्या. मजूर आठवडाभर थांबतो म्हणाले होते, पण बाजाराच्या दिवशी ज्याच्या घरात पीठ येतं त्याला थांब कोणत्या तोंडाने सांगायचं? व्याजाने काढून दिले. ते व्याज अजून फिटतंय.

पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “भाऊ, परवान्याचा अर्ज टाका, दोन महिन्यांत करून देतो.” पुढे त्यांची बदली झाली. पोरं सापडली नाहीत, कट्टाही नाही. मी मात्र बरोबर सापडलो. सातबारा, विवरणपत्रं, डॉक्टरचा दाखला, चारित्र्य पडताळणी. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दोनदा दिलं, कारण पहिलं फाईलमधून गहाळ झालं. त्या पोराने कुठल्या वर्गात प्रशिक्षण घेतलं असेल हो?

नियम नकोत असं मी म्हणत नाही. चुरमुऱ्यासारख्या बंदुका वाटा, असंही नाही. पण नियम कुणासाठी आहेत ते एकदा सांगा.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की कट्टा येतो कुठून. अनेर नदीच्या अलीकडे आपलं उमर्टी, पलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी. तिकडे भट्ट्या, तिकडे कारागीर. पंचवीस-तीस हजारांत काम होतं म्हणतात. फेब्रुवारी 2025 मध्ये आरोपी धरायला गेलेल्या आपल्याच पोलिसाला तिथले लोक उचलून नदीपलीकडे घेऊन गेले. नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी जाऊन भट्ट्या फोडल्या. चांगलं केलं. पण पुण्याहून गाड्या भरून यावं लागलं, मग इथले इतकी वर्षं काय करत होते? शिवाय भट्टी मातीची असते, पुन्हा लिंपायला किती वेळ लागतो? पिढ्यान्‌पिढ्या लोखंड ठोकणाऱ्या सिकलीगरांना दुसरं काम कुणी दिलं, हाही प्रश्न आहेच, पण तो विचारायला गेलो तर हे पत्र संपायचं नाही.

2019 ला केंद्राने कायदा कडक केला. बेकायदा शस्त्र बनवलं-विकलं तर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. सरळमार्गी परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं. त्यांनी तिसरं निमूट जमा केलं. भट्टीवाल्याने काय जमा केलं? पेपरात रोज तीच बातमी: गोपनीय माहितीवरून सापळा रचून एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त, कुठून आणला याचा तपास सुरू. तो तपास कधी संपल्याची बातमी मी तरी वाचली नाही. संपणार कसा? त्याच्यावर ना कारखान्याचं नाव, ना नंबर.

आकडे बघा. जिनिव्हाच्या एका संस्थेचा 2017 चा अंदाज आहे की भारतात लोकांकडे 7 कोटी 11 लाख बंदुका, त्यातल्या नोंदलेल्या 97 लाख. तुमच्या दिल्लीच्या खात्याच्या हिशेबात 2016 अखेर परवाने 33 लाख 69 हजार, महाराष्ट्राचे 84 हजार. हे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत ते तुम्हीच बघा, मी केळीवाला आहे. उरलेल्या सहा कोटी कुणाच्या कमरेला आहेत, एवढंच विचारतोय.

आणि 84 हजार तरी कुणाचे? मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीडचे परवाने मोजले, तर एकट्या जिल्ह्यात 1200 च्या वर. त्या सगळ्यांच्या जीवितास धोका दिसून आला होता? पुढाऱ्याच्या मागे फिरणाऱ्याला धोका असतो, रोकड घेऊन अंधारात चालणाऱ्याला नसतो. माझ्या चुलत्यांची रानडुकरांसाठीची बारा बोअरची बंदूक लोकसभेला जमा, विधानसभेला जमा, मग नगरपालिका, जिल्हा परिषद. डुकरं बिचारी आचारसंहिता पाळत नाहीत. कट्टे मात्र निवडणुकीत गावभर फिरतात आणि मिरवणुकीत नाचतातसुद्धा. माझं नकारपत्र आलं त्याच दिवशी आमच्याच गल्लीतल्या एकाने वाढदिवसाचा केक कट्ट्याच्या नळीने कापला आणि रील टाकली. तलवारीने कापायचे दिवस गेले, एवढी प्रगती आहे.

घरातून मला विचारलं गेलं, “पिस्तूल असतं तरी त्या रात्री तुम्ही काढलं असतं का?” बहुतेक नसतंच. हात वरच होते. कदाचित तेही नेलं असतं त्यांनी. म्हणून आता तुमच्याकडे पिस्तूल मागू की नको, हेच मला कळेनासं झालंय. मग एवढं तरी करा. त्या रात्रीचा कट्टा शोधा. अनेरच्या दोन्ही काठांवर दोन्ही राज्यांची मिळून कायमची चौकी बसवा. आणि धोका कसा मोजतात, त्या फुटपट्टीची एक नक्कल मला पाठवा, लागेल ती फी भरतो.

अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. त्यातले नऊ हे पत्र लिहिण्यातच गेले.

आपला,
एक केळी उत्पादक

सोबत: नामंजुरीच्या पत्राची झेरॉक्स