खोन कॅनला निघालेल्या मुलास

म्हसरूळ, नाशिक

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या रविवारी जेवताना तू सांगितलंस की कंपनीत राजीनामा दिलाय, थायलंडातल्या खोन कॅनला इंग्रजी शिकवायला चाललोय. मी "मास्तरच व्हायचं होतं तर इंजिनिअरिंगला कशाला घातलं तुला?" असं म्हणून ताटावरून उठलो. तुझी आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तू दुसऱ्या दिवशी पहाटेच चाकणला निघून गेलास. फोनवर हा विषय काढायला गेलो की माझा आवाज बसतो, म्हणून लिहितोय. माझं चुकलं. तसं का बोललो, तेही तुला कळायला हवं.

डी.एड. झालो १९८३ ला आणि पुढच्या जूनमध्ये पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत नेमणूक मिळाली. सकाळची एसटी, सावळघाट, मग करंजाळीच्या पुढे पायवाट. पावसाळ्यात भिंती इतक्या ओल्या की खडू फळ्यावर उमटत नसे. माझ्याकडे पहिली-दुसरी. मी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारायचो, "हे काय?" समोर वीस पोरं गप्प. दोन महिने हेच. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ही मुलं मंद आहेत. दादा, हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते.

पाड्यावर एक म्हातारी होती, तिची नात माझ्या वर्गात. ती एकदा ओट्यावर बसून मला म्हणाली की मास्तर, पोरीला सगळं येतं, तुमचं बोलणं तिला येत नाही. घरात ही मुलं कोकणा ही आदिवासी बोली बोलत होती. शाळेतली मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा होती आणि मी ती पहिली धरून चाललो होतो. त्या संध्याकाळपासून मी म्हातारीकडे वही घेऊन बसू लागलो. भांडी, झाडं, नाती, अंगाचे अवयव, नागली पेरण्यापासून काढेपर्यंतची कामं. दिवाळीपर्यंत दोनेकशे शब्द झाले. मग मी वर्गात त्यांचा शब्द आधी म्हणायचो आणि माझा नंतर. पोरं हसायची, माझा उच्चार सुधारायची. सुधारता सुधारता माझे शब्द त्यांच्या तोंडात बसले. दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला गेली आणि हजेरीपट रिकामा झाला, ते दुःख वेगळंच. पण जी राहिली ती बोलती झाली होती. त्या नातीने पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं त्या दिवशी मी करंजाळीपर्यंतची वाट पळतच गेलो असेन.

एवढं असूनही तू मास्तर होऊ नयेस असं मला वाटलं, त्याला कारण इंग्रजी. शासनाने २००० च्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. मी स्वतः पाचवीत ए बी सी डी शिकलेला. रात्री रेडिओवर इंग्रजी बातम्या लावून वाक्यं पुटपुटत बसायचो, सकाळी तीच पोरांपुढे म्हणायचो. एकदा एक साहेब तपासणीला आले. मुलांसमोर त्यांनी मला इंग्रजीत बोलायला लावलं आणि माझ्या उच्चाराला मोठ्याने हसले. मुलंही हसली. त्यांना कारण कळलं नव्हतं, साहेब हसले म्हणून हसली. त्या शनिवारी नाशिकला येताना एसटीत ठरवलं की माझ्या मुलाला कुणी असं हसता कामा नये. पुढच्या वर्षी तुला इंग्रजी माध्यमात घातलं. इंजिनिअरिंगचा हट्टही त्यातूनच आला. तू मास्तर व्हायचं म्हणालास तेव्हा मला तो वर्ग दिसला, आणि साहेबांच्या समोर उभा असलेला तू दिसलास.

नंतरचे पंधरा दिवस मी मिळेल ते वाचलं आणि पाहिलं. सार्वजनिक वाचनालयात दोन दुपारी बसलो, बाकीचं धाकट्याने मोबाईलवर काढून दिलं. तू त्या शाळांच्या जाहिराती दाखवल्या होत्यास, 'फक्त नेटिव्ह स्पीकर' अशा, म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी तेच. दक्षिण कोरियातल्या खाजगी क्लासचा ई-टू व्हिसा तर सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. थायलंडात तुला दार उघडं आहे, पण आधी इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखव म्हणतात, आणि गोऱ्या माणसापेक्षा पगार कमी मिळू शकतो हेही तूच सांगितलंस. सांगताना तुझी मान खाली होती. ती खाली घालून तिकडे जाऊ नकोस.

तुला आठवतं का, चौथीत असताना तू मला विचारलं होतंस, "बाबा, 'द सन' म्हणायचं, तर 'द संडे' का नाही?" मला सांगता आलं नाही. मी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या एका सरांना विचारून आलो. मराठीत 'ए' नाही, 'द' नाही, म्हणून तुला तिथे अडखळावं लागलं. थाई भाषेतही ते नाहीत. तिथे क्रियापद काळानुसार बदलत नाही, अनेकवचनाला शेवटी काही लागत नाही. शब्दाच्या शेवटी ल आला तर त्याचा न होतो, 'बॉल'चा 'बॉन'. खोन कॅनच्या पोराला जे दगड लागणार, त्यातले बरेच तुझ्या पायाला लागून गेलेत. पाळण्यापासून इंग्रजी बोलणाऱ्याला 'द संडे'चा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. आपल्या काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी अमेरिकेत प्राध्यापकी करताना १९८५ मध्ये मांडलं होतं की इंग्रजीची तीन वर्तुळं आहेत, मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांचं, दुसरी भाषा म्हणून वापरणाऱ्यांचं आणि परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचं, आणि भारतासारख्या देशांतली इंग्रजी ही स्वतःचे नियम घडवणारी इंग्रजी आहे. मला हे तेव्हा, त्या तपासणीच्या आधी, वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

खोन कॅनबद्दल एक गोष्ट कळली आणि मी उठून तुझ्या आईला हाक मारली. तो भाग थायलंडच्या ईशान्येचा, इसान. तिथे घराघरांत लाओच्या जवळची इसान बोली बोलतात, शाळेत बँकॉकची थाई, आणि इंग्रजी तिसरी. म्हणजे माझा पेठचाच वर्ग! जाशील त्या दिवसापासून वही ठेव. थाई शिकच, त्यांची लिपीही शीक. अक्षरं चव्वेचाळीस आहेत, पण क्रम आपल्या क ख ग च्या वळणाचाच, तुला परका वाटणार नाही. त्याबरोबर इसानचेही शब्द गोळा कर. शाळेत जेवण रांधणाऱ्या बायकांकडे, शिपायाकडे, बाजारात. ती माणसं तुला वर्गातल्या पोरांपर्यंत नेतील.

कोर्सचं बोललो नव्हतो. तू इंग्रजी शिकवण्याचा एकशेवीस तासांचा ऑनलाइन कोर्स करतोयस, शाळेला तेवढं चालतंय, ठीक. पण त्यात समोर विद्यार्थी नाही. केंब्रिजच्या सेल्टा कोर्सचेही तास तेवढेच, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे परीक्षक बसलेला असतो. आम्ही त्याला सराव पाठ म्हणायचो. हातात पाठाचं टाचण, मागच्या बाकावर सर, आणि चाळीस डोळे. त्यातून गेल्याशिवाय आपला आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही हे कळत नाही, आणि आपण प्रश्न विचारून उत्तराला थांबतच नाही हेही कळत नाही. पैसे मी देतो, निघायच्या आधी जमलं नाही तर पहिल्या सुट्टीत कर. तोवर म्हसरूळच्या शाळेतल्या बाईंशी बोललोय, त्या तुला सातवीच्या वर्गात आठवडाभर उभं करायला तयार आहेत.

तुला हे जमेल याची मला खात्री का आहे, तर अंबडच्या कारखान्यात असताना तू रविवारी आयटीआयच्या ॲप्रेंटिस पोरांना इंग्रजी ड्रॉइंग वाचायला शिकवायचास. घरी यायचास तेव्हा ग्रीसने माखलेला आणि खूश. पगारवाढ झाली तेव्हाही तुझा चेहरा तसा कधी पाहिला नाही. मी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं केलं. मालाची तपासणी करणाऱ्या क्वालिटी विभागात अकरा वर्षं काढलीस, त्यातलं एक सोबत ने: दोष दिसला की कारणापर्यंत जायची सवय. दुसरं, सदोष ते बाजूला टाकायची सवय, मात्र कंपनीच्या गेटवर ठेव. वर्गात रिजेक्शनची पेटी नसते.

आता कागदपत्रांचं. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा हातात आल्याशिवाय विमानात बसू नकोस आणि तिथे वर्क परमिट मिळेपर्यंत वर्गात शिकवू नकोस. कुणी म्हणालं की टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बघू, तर ती शाळा सोड. थायलंडात नोकरी म्हणून नेलेल्या आपल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावली, हे तूही वाचलं असशील. २०२५ च्या मार्चमध्ये ५०० हून अधिक जणांना सरकारने विमानं पाठवून परत आणलं. त्या पोरांनाही आईवडिलांनी डबा देऊनच स्टेशनवर सोडलं असणार. म्हणून शाळेचा पत्ता, मुख्याध्यापकांचा नंबर आणि कराराची प्रत मला हवी. पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स घेतलंस का? तिथे गेल्यावर दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, कॅलेंडरवर खुणा कर. तारखा लिहिताना बघ, त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा ५४३ ने पुढे असतं.

पीएफला हात लावू नकोस. दहा वर्षांच्या वर नोकरी झालीये, अठ्ठावन्नव्या वर्षी पेन्शन सुरू होईल. बँकेत जाऊन खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं, करून घे. सूनबाई दिवाळीपर्यंत इथेच आहेत, त्यांची काळजी करू नकोस. त्यांनी तुला हो म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल हे मात्र विचारत राहा. घराचे हप्ते त्या एकटीच्या पगारावर येणार आहेत. मी निम्मा हप्ता देणार, त्यावर वाद नको.

तुझी आई म्हणते, खोन कॅनचं रेशीम प्रसिद्ध आहे, मतमी म्हणतात, सूत आधी बांधून रंगवतात. येवल्याची पैठणी पाहिलेल्या बाईला ते बघायचंय. एक तुकडा आण, साडी नको.

तिथे शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, म्हणजे आपला गुरू. त्यांच्या शिक्षक परिषदेचं नाव खुरुसफा, गुरुसभाच ती. जूनमध्ये बहुतेक शाळांत वाय ख्रूचा दिवस असतो, गुरूला वंदन करायचा, आणि तोही गुरुवारी. मुलं गुडघ्यावर बसून शिक्षकांपुढे तबक ठेवतात. त्यात वांग्याचं फूल, कारण ते खाली झुकलेलं असतं. भाताच्या लाह्या. आणि एक गवत, कितीही तुडवलं तरी पसरणारं. त्याचं चित्र पाहिलं आणि मी अंगणात जाऊन कुंडीतलं उपटून शेजारी ठेवून पाहिलं. मला ती दूर्वाच वाटते. आई म्हणते, चित्रावरून सांगता येत नाही, पेरं मोजायला हवीत.

तुझी शाळा मेच्या मध्यावर सुरू होतेय, म्हणजे जूनच्या त्या गुरुवारी तू नवाच असशील. तरीही मुलं तुझ्यापुढे तबक आणतील. घेताना तूही खाली बस. आणि ते गवत जवळून बघ, फोटो काढून त्याच दिवशी पाठव. तुझी घड्याळं दीड तास पुढे, आम्ही सकाळी सातपासून फोनजवळ असू.

तुझा,
बाबा