दोनदा केलेला ‘ओडिसी’

महोदय,
भाषांतरकाराला आपण कायम दुय्यम लेखतो. अशा वेळी मला कार्लेस रिबा (१८९३-१९५९) हा बार्सिलोनाचा कवी आठवतो. होमरचे ‘ओडिसी’ हे ग्रीक महाकाव्य त्याने १९१९ मध्ये कॅटलान या बार्सिलोनाकडच्या भाषेत आणले. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. १९४८ मध्ये त्याने ते अख्खे पुन्हा नव्याने केले! सोफोक्लिस आणि प्लुटार्क हे ग्रीक लेखकही त्याने कॅटलानमध्ये आणले, भाषातज्ज्ञ पोंपेउ फाब्राच्या कॅटलान शब्दकोशाच्या कामातही हात दिला. पत्नी क्लेमेंटिना आर्देरिउ स्वतः नावाजलेली कवयित्री. तिच्याबद्दलही कुणीतरी लिहायला हवे.

१९३९ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या शेवटी, हुकूमशहा फ्रँकोच्या फौजा आल्या आणि हे कुटुंब फ्रान्समध्ये परागंदा झाले. तिथल्याच एका ठिकाणाचे नाव त्याच्या ‘बिएर्व्हिलच्या विलापिका’ या संग्रहाला मिळाले. १९४३ मध्ये तो परतला, तेव्हा फ्रँकोच्या राजवटीत कॅटलानला सार्वजनिक जीवनात थारा नव्हता. दुसरे ‘ओडिसी’ त्या काळातले आहे. घराकडे निघालेल्या माणसाची ती कथा पुन्हा हाती घेताना त्याला काय वाटले असेल?

– एक वाचक, सांगली