दिगूस पत्र : तिच्या हाती विस्तव द्यावा का?

शहादा,
होळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

परवा छकुलीने माझ्याकडे आण्णांचे तार ओढायचे जंतर आणि विस्तवाची फुंकणी मागितली. घरात हे कोणाला सांगितले असते तर ‘मग देऊन टाका की’ एवढेच उत्तर आले असते. त्या मागण्याने मला दोन रात्री झोप का आली नाही, हे तुलाच समजेल. माझी प्रकृती बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

दिवाळीपासून ती घरी चांदीची कानातली करते आहे. सुरुवातीला मी तिला तांब्याची तारच दिली आणि तांब्यात दोन्ही कान सारखे येईपर्यंत चांदीला हात लावायचा नाही, अशी अट घातली. ती अट तिने निमूटपणे पाळली. नंतर तिने जळगावहून तार आणवली, पण दुकानदाराने शुद्ध चांदीची दिली. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की कानात अडकवायचा आकडा दोन दिवसांत उघडतो. म्हणून पुढच्या खेपेला हजारात ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबे असलेली, ०.८ मिलिमीटर जाडीची तार मागवली. या जाडीची एक मीटर तार जेमतेम सव्वापाच ग्रॅम भरते आणि एका आकड्याला पाच सेंटिमीटर पुरते, त्यामुळे शिकणाऱ्याचा तुकडा वाया गेला तरी पाव ग्रॅमच जातो, आणि तोही डबीत जपून ठेवला तर पुन्हा मुशीत घालता येतो.

मी तिला आण्णांच्याच क्रमाने शिकवले. दोन्ही तुकडे एकदम कापायचे, दोन्हींची टोके कानशीने गोल करून बारीक पॉलिश पेपरवर घासायची, कारण टोकाला राहिलेली कुसळाएवढी धारसुद्धा कानाच्या भोकात जखम करते. मग गोल टोकाच्या पकडीने दोन्हींना डोळा पाडायचा आणि दोन्ही तारा एकाच पेनावर शेजारी शेजारी ठेवून एकदमच वळवायच्या. एक कान पूर्ण करून दुसऱ्याला हात घातला की जोड जमत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? उषावहिनींना तू दिलेल्या पहिल्या जोडीतला डावा झुबा उजव्यापेक्षा लांब होता, आणि साखरपुड्याच्या दिवशी त्या एका कानावर केस ओढून बसल्या होत्या. ती जोडी त्यांनी अजून ठेवली असेल तर फोटो पाठव. छकुलीला दाखवायचा आहे, म्हणजे तिला धीर येईल.

शेवटी ऐरणीवर लाकडी हातोडीने हलकेच ठोकून आकडा कडक करणे तिला फार आवडते. चांदी ठोकल्याने आणि वाकवल्याने ताठ होत जाते, आणि तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा नरम होते, हे मी तिला सांगितले. त्या दिवसापासून तिचे लक्ष विस्तवाकडे लागले. विस्तवाशिवाय काय काय होते, तेही मी दाखवले: साध्या बाळ्या, ठोकून चपटे केलेले लोंबते थेंब, मणी ओवलेले वेल. उकडलेल्या अंड्याचा बलक आणि कानातले एका डब्यात बंद करून ठेवले की गंधकामुळे चांदी काळी पडते आणि उंच भाग घासला की नक्षी उठून दिसते, हेही करून झाले. माझ्या मते हे थंड काम कमी प्रतीचे मुळीच नाही, आणि नवशिक्याने निदान वर्षभर त्यातच राहावे. पण तिला आता फिरकीची फुले करायची आहेत, आणि फुलाच्या पाठीला दांडी बसवायची तर सांधा जोडणारी झाळ वितळवावी लागते. तिथे माझी सबब संपली.

दिगू, माळ्यावरची ती खोली मला विसरता येत नाही. होळीच्या आधी सातपुड्यातली माणसे दागिन्यांची मापे द्यायला येत, भोंगऱ्या बाजाराच्या आत सगळे हवे असे, आणि आण्णा राख उडेल म्हणून एकुलती एक खिडकीही लावून घेत. तेजाबाचा तांबूस धूर छताशी साचलेला असे आणि आपण दोघे अभ्यासाची वही घेऊन त्यातच बसलेले असू. धुळीतली चांदी वेचणारे झारेकरी जिन्यातली धूळ भरून नेताना नाकाला फडके बांधत आणि आपण त्यांना हसत असू. ‘घाई नको करू भो,’ एवढे सांगताना आण्णा दोनदा खोकत. त्या खोकल्याचे कारण कोणत्याही डॉक्टरांनी लिहून दिले नाही, पण झाळ लवकर धावावी म्हणून तिच्यात कॅडमियम घालत असत, ते ७६७ अंशांना उकळते आणि त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो, हे मी पुढे वाचले. तू पिंपरीच्या कारखान्यात निघून गेलास तेव्हा मी तुझ्याशी भांडलो होतो, आणि आण्णांनी जंतर माझ्या स्वाधीन केले म्हणून तू माझ्याशी वर्षभर बोलला नाहीस. जंतराच्या बारीक भोकात तारेचा वाळा कोणी अडकवून मोडला, हा वाद तर अजूनही मिटलेला नाही. माझे म्हणणे कायम आहे, तो तूच मोडलास.

आता सोयी वेगळ्या आहेत, हे मी मान्य करतो. कॅडमियमशिवायची झाळ मिळते. तेजाबाऐवजी कोमट पाण्यातले लिंबूसत्त्वही काळेपणा काढते, फक्त त्यात लोखंडी चिमटा बुडवायचा नाही, नाही तर चांदीवर तांब्याचा थर चढतो. कोळशाची बागेसरी शेगडी नको, भट्टीच्या विटेवर छोटा ब्युटेन टॉर्च पुरतो. तिची आई म्हणते, स्वयंपाकघरातच करू दे, डोळ्यांसमोर राहील. मी स्पष्ट नकार दिला. जिथे कणीक मळायची तिथे झाळेला लावायची सवागी आणि झाळेची कतरण सांडता कामा नये, आणि यासाठी वापरलेले भांडे पुन्हा चुलीवर जाता कामा नये. मागच्या पडवीत दोन्ही बाजूंनी वारा खेळतो, तिथे फरशीवर जागा करून ठेवली आहे. केस बांधलेले असावेत, अंगावर सुती कपडे असावेत, ओढणी नसावी, शेजारी पाण्याची बादली असावी, एवढे ठरले आहे.

तरीही धीर होत नाही, कारण झाळ सांगून शिकवता येत नाही. सांधा असा घासलेला हवा की त्यातून उजेड दिसू नये, कारण झाळ पोकळी भरून काढत नाही. ज्योत झाळेवर रोखायची नसते, सगळा दागिना सारखा तापवायचा असतो, मग जिकडे उष्णता जास्त तिकडे झाळ आपोआप धावते. ९२५ ची चांदी साधारण ८०० अंशांपासून वितळू लागते आणि कडक झाळ ७५० च्या आसपास धावते, म्हणजे सावरायला पन्नासच अंश उरतात. ते अंश मोजायला आपल्याकडे डोळ्यांशिवाय काही नव्हते. अर्धवट अंधारात चांदीला येणारी मंद लाली आणि झाळ धावताना क्षणभर चमकणारी रेघ तुला माझ्याआधी दिसत असे. आण्णा नेहमी म्हणत, हात नानाचा बरा, पण डोळा दिगूचा. तेव्हा मला त्याचे वाईट वाटे, पण त्यांचे म्हणणे खरे होते. आता मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तर मला ती लाली नीट कळतच नाही.

म्हणून विचारतो: या मुलीच्या हाती विस्तव द्यावा का? घरातून हा धंदा आपल्यावरच संपावा, असे तू एकदा तापीच्या पुलावर मला म्हणाला होतास. तू अजूनही त्याच मताचा असशील तर तसे सरळ लिही, मी तिला थंड कामावरच ठेवीन आणि कारणही खरे सांगेन. ती ऐकेल, पोर समजूतदार आहे. मात्र मत बदलले असेल तर पहिली झाळ तिला तू लावून दाखवावीस.

धाकट्याला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले ते कळव. नव्या घरी पाणी नीट येते ना?

उत्तर ‘द्यावा’ असे असेल तर अखाजीच्या सणाला चार दिवस काढून दोघेही या, आणि येताना पुण्याहून पाच ग्रॅम मध्यम झाळ आण, ती कॅडमियमविरहित असल्याचे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घे. वीट आणि टॉर्च मी इथे पाहून ठेवतो.

तुझा,
नाना