मागता येत नाही त्यांचं काय?

प्रिय वैशू,

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू वैतागून लिहिलंस, ‘तुमच्या इंग्लंडात बरं, म्हाताऱ्या माणसाला कौन्सिल घर देते.’ या विषयावर तुझ्याशी बोलायचं कधीचं मनात होतं. मी इथल्या सल्ला केंद्रात लोकांचे अर्ज भरून द्यायला जाते, हे तुला माहीतच आहे. तिथे बसून जे दिसतं ते सांगते.

कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, घरं बांधून भाड्याने द्यायची ही पद्धत इथे पहिल्या महायुद्धानंतर, १९१९च्या कायद्याने रुजली. पुढे १९८०च्या कायद्याने भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. लाखो घरं विकली गेली आणि तेवढी नवी काही उभी राहिली नाहीत. ज्यांनी घेतली त्यांचं भलं झालं, त्यांना मी बोल लावत नाही. पण आता घरं थोडी आणि रांग लांब, तेव्हा सगळं येऊन थांबतं ते आधी कोणाला, यावर.

१९९६चा कायदा सांगतो की बेघर झालेल्यांमध्ये म्हातारपण, अपंगत्व, मानसिक आजार यांमुळे जो अगतिक आहे त्याला अग्रक्रम द्या. नुसतं वय झालं म्हणून भागत नाही. पूर्वी तर अशा माणसाची तुलना सर्वसाधारण बेघर माणसाशी व्हायची. म्हणजे रस्त्यावर राहणाऱ्यापेक्षाही तुझे हाल जास्त होतील हे दिसायला हवं! २०१५मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ते मोडीत काढलं. चारचौघांसारखा माणूस बेघर झाला तर त्याला जे सोसावं लागेल, त्याहून याला जास्त सोसावं लागेल का, एवढंच बघा, असं कोर्ट म्हणालं. त्या निकालाचा मला फार आधार वाटतो. तरीही डॉक्टरांची पत्रं, जुने रिपोर्ट गोळा करायची धावपळ बहुतेक वेळा त्या थकलेल्या माणसाच्याच वाट्याला येते.

आमच्याकडे एक आजोबा येतात. ऐंशीच्या पुढचे, एकटे, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. तळमजल्यावरच्या घरासाठी त्यांचं नाव यादीत लागलं, पात्र ठरले. पण इथे पुष्कळ ठिकाणी रिकाम्या घरांची यादी इंटरनेटवर लागते आणि हवं त्या घरासाठी आपण मुदतीच्या आत नाव नोंदवायचं. त्याला ‘बिड करणं’ म्हणतात. आजोबांकडे बटणांचा फोन. ते पत्राची वाट बघत बसले. पत्र आलं ते असं, की तुम्ही बरेच दिवस बिड केलेलं नाही, तेव्हा तुम्हाला घराची गरज उरली नाही असं समजून तुमचं नाव काढण्यात येईल.

प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून त्यांनी ते पत्र आणलं होतं. मी धोरणाचं पुस्तक काढून बघितलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, ज्यांना स्वतः बिड करणं जमत नाही त्यांच्या वतीने कर्मचारी करतील. फक्त तशी विनंती करायला हवी! आता ज्याला यादी उघडता येत नाही, त्याला पुस्तकातलं ते कलम कोण दाखवणार? वैशू, मला त्या दिवशी खरंच रडू आलं. आम्ही विनंती केली, नाव राहिलं. पण केंद्रापर्यंत न पोचलेली अशी किती माणसं असतील!

बाकीचे नियमही असेच. रोचडेलमध्ये २०२०च्या डिसेंबरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या नावाचा कायदा आता लागू झालाय. तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल, एरवीच्या गंभीर ओल-बुरशीची दहा कामाच्या दिवसांत तपासणी. फार चांगला कायदा आहे. पण हे घड्याळ सुरू होतं ते घरमालकाला कळल्यावर. आणि तक्रार केली तर घर जाईल, या भीतीने गप्प बसणारी म्हातारी माणसं मी रोज बघते. अपंगांना घरात बदल करून घ्यायला तीस हजार पौंडांपर्यंत अनुदान मिळतं, अर्जावर सहा महिन्यांत निर्णय द्यायचं बंधनही आहे. मात्र त्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजचे व्यवहार कसे जमतील ते बघणाऱ्या तज्ज्ञाने, घर बघून जावं लागतं, आणि ती रांग त्या सहा महिन्यांत धरत नाहीत.

पूर्वी न मागताही काय हवं-नको ते विचारणारं एक माणूस असायचं. ज्येष्ठांसाठीच्या शेल्टर्ड हाउसिंगमध्ये ज्याचा त्याचा छोटा फ्लॅट आणि इमारतीत एक वॉर्डन. सकाळी ती प्रत्येकाची खुशाली विचारायची, पत्र वाचून दाखवायची, गळका नळ कळवायची. २००३पासून अशा आधारासाठी वेगळा निधी होता. २००९मध्ये तो याच कामासाठी वापरायचं बंधन उठलं, मागोमाग कौन्सिलांच्या पैशाला कात्री लागली, आणि कितीतरी ठिकाणच्या वॉर्डन गेल्या. राहिली ती लाल दोरी, ओढली की मदत केंद्रात घंटा वाजते. ती जमिनीपर्यंत लोंबती हवी, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोचतो. एका बाईंच्या बाथरूममध्ये ती गुंडाळून वर गाठ मारून ठेवलेली दिसली, फरशी पुसताना मधे येते म्हणून. वॉर्डन असती तर तिने आल्या आल्या सोडली असती. ती गाठ मी सोडली आणि बाईंना पुन्हा पुन्हा बजावून आले.

सध्या आमच्या कौन्सिलने घरवाटपाच्या नव्या धोरणावर हरकती-सूचना मागवल्यात. मी लिहून दिलंय की सत्तरीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाचं नाव यादीतून काढण्याआधी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन यावं, नुसतं पत्र पाठवू नये. खर्च वाढेल म्हणतील, वाढू दे. पडून हॉस्पिटलात गेलेल्या माणसाचा खर्चही कोणीतरी करतंच ना? पुढच्या आठवड्यात सूचना नोंदवायला आजोबांनाही घेऊन जाणार आहे. त्यांना स्वतः बोलायचंय.

काकूंना नमस्कार सांग. तळमजल्याच्या जागेचं कुठपर्यंत आलं ते कळव.

तुझी,
मेधा